पतीचा बाजार आणि त्यांतील जोखीम

जालना जिल्ह्यांतील आष्टीस एखादा दुकानदार शेतकऱ्याला खत-बियाणें उधार देतो आणि कापूस घरीं येईपर्यंत थांबतो, असें समजूं या. त्याला चिंता एकच : रक्कम बुडेल कीं काय? परंतु मध्येंच पैशाची निकड लागून त्यानें उधारीची चिठ्ठी दुसऱ्यास विकावयाचें ठरविलें, तर निराळाच प्रश्न उभा राहतो : आज तिला भाव काय येईल? मुंबईच्या मोठ्या गुंतवणूक-बँकांत कंपन्यांच्या कर्जरोख्यांची जी खरेदीविक्री चालते, तिच्यांतील जोखीम नेमकी ही आहे. ऋणकोनें एकही हप्ता चुकविला नसतां धनको येथें नुकसानींत येऊं शकतो.

हिशेब सोपा आहे. दरसाल ८ टक्के व्याजाचा, दहा वर्षांच्या मुदतीचा १०० रुपयांचा रोखा घ्यावा. बाजारांतील व्याज ९ टक्के झालें, कीं त्याची किंमत सुमारें साडेत्र्याण्णव रुपयांवर येते. एक वर्षाच्या रोख्याची मात्र पुरती एक रुपयाही उतरत नाहीं. मुदत जितकी लांब, तितका हेलकावा मोठा.

आतां हा एक टक्का दोन वाटांनीं येतो. सरकारी रोख्यांवरील व्याज चढलें, तर सर्वच रोखे उतरतात. एका कंपनीवरील विश्वास डळमळला, तर तिचाच रोखा उतरतो. पहिल्या रोगावर उतारा म्हणून व्यापारी सरकारी रोख्यांची उलट विक्री करून ठेवतो. दुसऱ्या रोगावर हा उतारा चालत नाहीं. घबराटींत लोक सरकारी रोख्यांकडे धांवतात, त्यांचे भाव चढतात, आणि औषधच बाधतें. कर्जबुडीवर विम्यासारखा करार रिझर्व्ह बँकेनें २०११ सालीं मान्य केला. पण त्याचा बाजार फारसा वाढला नाहीं. म्हणून खरें संरक्षण मर्यादेंतच आहे. एका कंपनीचे रोखे किती घ्यावे, किती मुदतीचे घ्यावे, दर टक्काभर फिरल्यास तोटा किती सोसावा, हें आधींच ठरवावें लागतें. आणि तें ठरविणारा अधिकारी खरेदीविक्री करणाऱ्याच्या हाताखालचा नसावा.

केवळ पतश्रेणीवर विसंबणें धोक्याचें आहे. ऑगस्ट २०१८ च्या आरंभीं सर्वोच्च श्रेणी मिरविणारी मुंबईची ‘आयएल अँड एफएस’ सप्टेंबरांत देणीं थकवून सर्वांत खालच्या श्रेणीस गेली.

तिसरी जोखीम गिऱ्हाईक न मिळण्याची. २३ एप्रिल २०२० रोजीं फ्रँकलिन टेंपल्टननें आपल्या सहा रोखे-योजना बंद केल्या. सुमारें पंचवीस हजार कोटी रुपये अडकले. पुढें टप्प्याटप्प्यानें परत मिळालेली एकूण रक्कम त्याहूनही अधिक भरली. अर्थात्‌ मालाचा मोठा भाग खोटा नव्हता. परंतु त्या आठवड्यांत त्याला गिऱ्हाईक नव्हतें, आणि ज्यांच्या घरीं आजारपण वा लग्नकार्य होतें त्यांना थांबण्याची सोय नव्हती.

यास्तव अधिक व्याजाच्या योजनेंत ठेव ठेवणाऱ्या गृहस्थानें तीन गोष्टी विचाराव्या : कर्ज कोणास दिलें आहे, किती मुदतीचें आहे, आणि आपल्याला पैसा लागेल त्या दिवशीं तें विकत घेणारा कोण आहे? तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर न मिळाल्यास, घरखर्चाचा पैसा तेथें ठेवूं नये.