कृष्णा-पंचगंगेच्या काठचे वर्तमान

दक्षिण महाराष्ट्राचे वर्तमान लिहावयास बसलो म्हणजे आमच्या मनात प्रथम पाण्याचा विचार येतो. २००५, २०१९ व २०२१ या तिन्ही सालच्या महापुरांनी सांगली-कोल्हापूरकरांस पुरेसे शहाणे केले आहे. परंतु अलीकडे या भागावर ओढवलेले सर्वांत मोठे दुःख पाण्याने नव्हे, अग्नीने दिले.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह जळाले. दुसरा दिवस उजाडला तो संगीतसूर्य केशवरावांच्या जयंतीचा. शाहू छत्रपतींनी १९१५ साली हे नाट्यगृह 'पॅलेस थिएटर' या नावाने उभारले आणि शेजारी खासबागेत कुस्तीचे मैदान बांधले. गाणाऱ्याचा गळा आणि पैलवानाचा दंड यांस एकाच अंगणात जागा देणारा राजा विरळाच! १९२१ साली ज्यांच्या 'संयुक्त मानापमाना'ची महाराष्ट्रभर वाहवा झाली, ते केशवराव त्याच वर्षी ऐन एकतिशीत निवर्तले. पुढे त्यांचेच नाव या वास्तूस देण्यात आले.

आमच्या आजोबांनी बोट धरून येथे आम्हांस 'संगीत शारदा' दाखविले होते. आम्ही अगदी मागच्या बाजूस बसलो होतो. तरी मध्ये एकही खांब आड आला नाही, आणि पदांतील शब्द नि शब्द ऐकू आला, हे पक्के स्मरते. नाट्यशास्त्राच्या आरंभी अशी कथा आहे की, पहिल्याच नाट्यप्रयोगात असुरांनी विघ्ने आणिली. तेव्हा ब्रह्मदेवाने विश्वकर्म्याकडून नाट्यगृह बांधविले आणि त्याच्या निरनिराळ्या भागांवर देवतांचे पहारे बसविले. त्यांत वेदिकेच्या रक्षणास नेमला होता तो अग्नीच! कोल्हापुरात पहारेकऱ्यानेच घर लुटले, असे म्हणावयाची पाळी आली.

सरकारने पुनर्बांधणीस निधी देऊन काम हाती घेतले, ही गोष्ट चांगलीच झाली. मात्र नवी वास्तू केवळ दिसावयास जुन्यासारखी होऊन भागावयाचे नाही. शेवटच्या रांगेतील मुलास नटाचा श्वासही ऐकू यावा, ही जुन्या बांधणीची खरी करामत होती. ती साधली नाही, तर दगडी भिंती जशाच्या तशा राखूनही मूळची वस्तू गेली ती गेलीच.

कोल्हापूरची अन्य वार्ता समाधानाची आहे. अनेक वर्षांच्या मागणीनंतर ऑगस्ट २०२५ मध्ये येथे मुंबई उच्च न्यायालयाचे परिक्रमा खंडपीठ सुरू झाले. सहा जिल्ह्यांतील पक्षकारांची मुंबईची पायपीट त्यामुळे वाचली. त्याच वर्षी जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांस जागतिक वारसायादीत स्थान दिले, त्यांत पन्हाळगड आहे. आणि जूनमध्ये इटलीतील मिलान शहरी प्राडा नामक विख्यात पेढीने कोल्हापुरी घाटाची पायताणे मिरविली, पण कोल्हापूरचे नाव घ्यावयाचे विसरली. बोभाटा झाल्यावर मूळ कोठले ते तिने मान्य केले. आम्हांसही राग आलाच. पण आमच्या पायांतील जोड कोणी शिवला, हे आम्ही तरी कधी विचारले होते?

सांगलीकडे वळावे तर तेथील मंडळींची मान अजून ताठ आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये दिल्लीत भरलेल्या अठ्ठ्याण्णवाव्या साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षपदी सांगलीच्या डॉ. तारा भवाळकर होत्या. हा मान लाभलेल्या त्या सहाव्या विदुषी. जात्यावरच्या ओव्यांत बायकांनी जे शहाणपण साठवून ठेवले, त्याचा अभ्यास हे त्यांचे आयुष्यभराचे काम होय. आमच्या वाचकभगिनींपैकी ज्यांच्या घरी अजून कोणी ओव्या म्हणणारी आजी असेल, त्यांनी त्या याच महिन्यात उतरवून घ्याव्या. आमच्या मातोश्रींच्या ओव्या आम्ही 'पुढे केव्हा तरी' म्हणून लिहून घेतल्या नाहीत. आता विचारावयाचे कोणास? ५ नोव्हेंबर हा रंगभूमिदिनही सांगलीचाच. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी तेथेच 'सीतास्वयंवर' रंगविले.

आता मिरज. तेथील सतार व तंबोरा यांस २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांपैकी फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास या विद्येचा येथे पाया घातला. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे वाळलेले भोपळे येथे येतात आणि स्वर घेऊन बाहेर पडतात. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ १९३७ साली निवर्तले, ते याच गावच्या मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात विसावले आहेत. उरुसात त्यांच्या स्मरणार्थ गवई येऊन हजेरी लावतात.

मानांकनाचा शिक्का मिळाला, पण गिऱ्हाईक कोठे आहे? विजेवर वाजणारी तंबोऱ्याची पेटी निघाली, त्यानंतर तोच सूर भ्रमणध्वनीत आला. आमची नात त्यावरच रियाज करी, आणि वडिलोपार्जित तंबोरा माळ्यावर गवसणीत पडून होता. गेल्या महिन्यात सूनबाईंनीच तो खाली काढला. भोपळ्यास बारीक चीर गेलेली, घोडी झिजलेली. आम्ही तो मिरजेस नेला. वृद्ध कारागिराने बोटाने तार छेडली, कान लावला आणि म्हणाला, "मास्तर, याला उपाशी ठेवलंत तुम्ही."

आम्ही निरुत्तर झालो. त्याच्या शेजारी कामास कोणी तरुण दिसला नाही, म्हणून चौकशी केली. मुलगा पुण्यास नोकरीस असतो, असे कळले. जवारी काढावयास पंधरा दिवस लागतील, असे त्याने सांगितले आहे. नात रोज दिवस मोजीत आहे.