काळी माती, लाल माती

गाण्यामागचं गाव : भाग ६

१९९५ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कला रॅपच्या पुरस्कारांचा सोहळा होता. उत्तम नव्या गटाचा पुरस्कार जॉर्जियातल्या अटलांटाच्या 'आउटकास्ट'ला जाहीर झाला आणि सभागृहात हुर्यो उठली. रॅप म्हणजे न्यूयॉर्क, नाहीतर लॉस एंजेलिस, असं मानण्याचे ते दिवस. दक्षिणेकडच्या लांबट, सुस्त हेलाला कोण विचारतो? गटातला वीस वर्षांचा आंद्रे माइकसमोर आला आणि दक्षिणेलाही काही सांगायचं आहे, एवढं बोलून गेला.

हा प्रसंग आठवला की मला पुण्यातलं माझं पहिलं वर्ष आठवतं. मी वऱ्हाडी 'मले' म्हटलं की वर्ग हसायचा. महिनाभरात मी 'मला' शिकलो आणि बोलणंच कमी केलं. आउटकास्टच्या पोरांनी मात्र आपला हेल सोडला नाही.

ही पोरं गाणी रचत ती रिको वेड या मित्राच्या आईच्या घराखालच्या तळघरात. खाली फरशी नाही, जॉर्जियाची लाल माती. त्या जागेला ती अंधारकोठडी म्हणत. तिथं जमणाऱ्या मेळ्यातल्या सीलो या गायकाचे आईवडील दोघंही चर्चमधले धर्मोपदेशक. एकानं म्हणायचं, जमलेल्यांनी उचलून धरायचं, ही चर्चमधली रीत तिथल्या लेकरांच्या कानात गाण्याच्या आधीपासून असते.

जॉर्जियाशी आपलं नातं कापसाचं आहे. १८६१ ते ६५ या काळात अमेरिकेत यादवी झाली, तिथला कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्यांनी वऱ्हाडाकडे पाहिलं. १८६७ मध्ये मुंबईहून निघालेला रेल्वेमार्ग आपल्या भागातून नागपूरला पोचला. आमच्या धामणगावाच्या तर नावातच रेल्वे आहे. तिथं लाल माती, इथं काळी. पण पीक एक, आणि शहरानं बोलीला हसणंही एकच.

चर्चचं जे काम तिथं, ते इथं भजनानं केलं. माणिक बंडोजी इंगळे १९०९ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या यावलीत जन्मले. घरची गरिबी, शाळा लवकर सुटली. वरखेडच्या आडकोजी महाराजांजवळ भजनाचा नाद लागला आणि 'तुकड्या' हे नावही मिळालं. तुकडोजी महाराजांना मी रॅपर म्हणणार नाही, पण त्यांची खंजिरी जरा नीट बघा. लाकडाचं लहानसं कडं, एका तोंडाला चामडं, कडेनं झांजा. एका हातात धरायची, दुसऱ्या हाताच्या बोटांनी वाजवायची. ताल गाणाऱ्याच्याच हातात असल्यामुळे शब्द पुढे रेटायचा की थोपवून धरायचा, हे त्याचं तोच ठरवतो. वादकाकडे बघावं लागत नाही. रॅपर ठेक्याच्या अलीकडे-पलीकडे शब्द टाकतो, ती कसरतही हीच. गरिबाच्या घरी पेटी-तबला नसतो, खंजिरी असते. त्या नसण्यातून ही शैली आली, असं मला वाटतं. तिच्यात धार होती म्हणूनच १९४२ मध्ये इंग्रज सरकारनं महाराजांना तुरुंगात टाकलं.

भजन ही एक शिदोरी, दुसरी बोलीची. वऱ्हाडीत 'ळ'चा 'य' होतो. 'डोळे' न म्हणता आम्ही 'डोये' म्हणतो आणि शब्द घसरत पुढच्या शब्दाला जाऊन मिळतो. पुस्तकी मराठीत 'मी जात आहे' हे वाक्य सपाट संपतं. 'मी जाऊन रायलो' म्हणा, शेवटच्या 'रायलो'वर आपोआप टप्पा पडतो. यमकासाठी याहून चांगली जागा कोणती?

ही जागा अमरावतीच्या सौरभ अभ्यंकरनं हेरली. आपलं नाव तो '१०० आरबीएच' असं लिहितो. शंभर म्हणजे हिंदीतलं 'सौ', पुढे रोमन अक्षरांतला 'रभ'. २०२३ मध्ये एमटीव्हीवरच्या 'हसल' या स्पर्धेत देशभरच्या रॅपरांमध्ये तो वऱ्हाडी घेऊन उभा राहिला. टीव्हीवर आमची बोली मी आजवर बहुधा विनोदी पात्राच्या तोंडीच ऐकली होती. त्या दिवशी तिला कुणी हसत नव्हतं. मी खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो, हे बायकोनं नंतर सांगितलं.

परवा आमच्या स्टेशनवर वर्धेकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहत होतो. शेजारच्या बाकावर अकरावी-बारावीतला एक पोरगा बोटांनी दप्तरावर ठेका धरून पुटपुटत होता. काय चाललंय म्हणून विचारलं. तो लाजला नाही.

"काही नाही काका, जुळवून रायलो."