हमी कोणास?

गेल्या आषाढांत आमचा एक जुना विद्यार्थी घरीं आला. कुशलप्रश्न झाल्यावर त्यानें पिशवींतून एक कागद काढला व म्हणाला, "गुरुजी, मसाले कांडण्याचें यंत्र घ्यावयाचें आहे. चार लाखांचें कर्ज हवें. जामीन म्हणून आपली सही मिळाली तर काम होईल." हें ऐकतांच आमचें कुटुंब स्वयंपाकघराच्या दारांत येऊन उभें राहिलें.

त्यास कारण आहे. पूर्वी एका आप्तास आम्हीं अशीच सही दिली होती. धंदा बुडाला, आणि साडेतीन वर्षें त्याचे हप्ते आमच्या पगारांतून गेले. पैशाचें दुःख केव्हांच सरलें. परंतु ते आप्त तेव्हांपासून आमच्या घरीं मंगलकार्यासही येत नाहींत. याज्ञवल्क्यस्मृतींत प्रतिभू, म्हणजे जामीन, तीन प्रकारचा सांगितला आहे: ऋणकोस हजर करण्याचा, त्याच्या विश्वासूपणाबद्दलचा, आणि प्रत्यक्ष ऋण फेडण्याचा. या तिसऱ्याचा भार जामिनाच्या पुत्रांवरही येतो. पाठशाळेंत हें प्रकरण आम्हीं नुसतें मुखोद्गत केलें. अर्थ पुढें पगारपत्रकांत कळला.

सही आम्हीं दिली नाहीं. पण त्याला बसवून घेतलें व सांगितलें कीं, ज्यांच्यापाशीं गहाण टाकण्यास घर नाहीं व जामीन राहण्यास कोणी नाहीं, अशांसाठींच सरकारी हमीची व्यवस्था आहे. लहान उद्योगांच्या कर्जांस हमी देण्याची योजना केंद्र सरकारनें १९६० सालीं काढून तिचा कारभार रिझर्व्ह बँकेकडे दिला होता. हल्लींचा पतहमी न्यास २००० सालचा. २०१५ सालीं मुद्रा योजना निघाली. तिच्या कर्जांस निराळा हमीनिधि आहे. पन्नास हजारांपर्यंत 'शिशु', पांच लाखांपर्यंत 'किशोर', दहा लाखांपर्यंत 'तरुण', आणि 'तरुण' फेडणाऱ्यांस २०२४ पासून वीस लाखांपर्यंतची आणखी एक पायरी. कर्जास वयाचीं नांवें देणाऱ्याचें आम्हांस कौतुक वाटतें. वार्धक्य तेवढें त्यानें वगळलें.

आमच्या विद्यार्थ्याचें प्रकरण 'किशोरा'चें. परंतु तो ज्या बँकेंत प्रथम गेला, तेथें त्याच्या वडिलांच्या घराचे कागद मागितले. लघुउद्योगांच्या दहा लाखांपर्यंतच्या कर्जास तारण घेऊं नये, असें रिझर्व्ह बँकेनें २०१० सालींच बँकांस बजाविलें आहे, हें बिचाऱ्यास ठाऊक नव्हतें. अर्थात् कर्ज द्यावें कीं न द्यावें, हें बँकच ठरविते. 'उद्यम' नोंदणीस एक पैसाही पडत नाहीं. तिच्यासाठीं एका दलालानें त्याचे दोन हजार उपटले होते, तें निराळेंच.

जातांजातां तो म्हणाला, "शेजारी म्हणतात, सरकारचीच हमी आहे, नाहीं फेडलें तरी चालतें." आम्हीं त्यास पुन्हां खालीं बसविलें. असें बोलणें आमच्या पेठेंत शहाणींसुरतीं माणसेंही बोलतात. हमी असते ती बँकेस; घेणाऱ्यास नव्हे. पतहमी न्यासाचीच रीत पाहावी. कर्ज थकलें म्हणजे न्यास बँकेस ठरलेला हिस्सा, बहुधा शेंकडा ७५ ते ८५, भरून देतो. तेवढ्यानें ऋण फिटत नाहीं. तें ऋणकोच्याच नांवावर राहतें, आणि पुढें जी वसुली होईल तींतून न्यासाचा वाटा न्यासाकडे जातो. थकबाकीची नोंद सर्व बँकांस दिसते. उद्यां मुलीच्या शिक्षणासाठीं कर्ज मागावयास गेला तरी तीच आडवी येणार. हमीचें वार्षिक शुल्कही पुष्कळदां घेणाऱ्याच्याच माथीं बसतें.

हें ऐकून तो थोडा हिरमुसला. मग आम्हीं शाळेच्या जुन्या वहींतलें एक पान फाडलें व बारा महिन्यांचे बारा रकाने आंखले. मिरची-हळद कांडण्याचा हंगाम फाल्गुन ते वैशाख. तेथें त्यानें भराभर आंकडे मांडले. आषाढ, श्रावण व भाद्रपद या तीन रकान्यांवर त्याची लेखणी थांबली. हप्ता तर दरमहा यावयाचाच. पहिला हप्ता कांहीं महिने पुढें ढकलण्याविषयीं बँकेस विचार, असें आम्हीं सुचविलें. आमच्या कुटुंबानें पावसाळ्यांत भाजणीचीं पिठें दळून विकण्याचें सुचविलें. तो पान घेऊन गेला आहे. तीन रकाने भरून पुढच्या रविवारीं यावयाचें कबूल केलें आहे.