पोटाचा घेर, हाडांचा घोर

‘सुटले बाई एकदाची!’ पाळी बंद झाल्यावर बहुतेक जणी माझ्या दवाखान्यात हेच म्हणतात. त्यात खोटं काहीच नाही. दर महिन्याची कटकट संपली, सणावारी तारखा मोजणं संपलं. पण मैत्रिणींनो, पाळीबरोबर आणखी एक सोबतीण निरोप घेते. तिचं नाव इस्ट्रोजेन.

हे संप्रेरक आपल्या हाडांची झीज धरून ठेवतं आणि चरबीला पोटावर साठू देत नाही. ते कमी झालं की पहिल्या पाच-सात वर्षांत हाडांची घनता २० टक्क्यांपर्यंत घटू शकते आणि पोटाचा घेर वाढू लागतो. पाश्चात्त्य देशांत पाळी सरासरी ५१व्या वर्षी जाते, आपल्याकडे ४६-४७व्या वर्षीच. म्हणजे आपली झीज लवकर सुरू होते.

गेल्या पावसाळ्यात ५७ वर्षांच्या एक काकू सुनेबरोबर आल्या. तक्रार चक्करची. हाताला प्लास्टर. ‘न्हाणीघरात पाय घसरला, मनगट गेलं. प्लास्टर निघालं की झालं,’ म्हणाल्या. मी तपासलं. रक्तदाब १५०/९४, कमरेचा घेर ९६ सेंटीमीटर, उपाशीपोटी साखर १३८. हाडांचा विषय काढताच काकू हसल्या, ‘माझी हाडं कसली मोडतायत? बघा ना कशी भरभक्कम आहे! मोडतात ती त्या काडीसारख्या बायकांची.’

हा समज घरोघरी आहे आणि तो अर्धाच खरा आहे. वजन जास्त असलं की हाडांवर भार पडतो आणि तपासणीत घनता बरी दिसते. पण मधुमेह असलेल्या बायकांमध्ये घनता चांगली दिसूनही हाड मोडण्याचा धोका जास्त असतो. साखर सतत चढलेली राहिली की हाडाच्या आतली वीण ठिसूळ होते. वरून रंग दिलेला वासा, आतून वाळवी! त्यात नजर अधू, पावलं बधिर. मग पडायला कितीसा वेळ लागतो?

पाच गोष्टी लक्षात ठेवा. कमरेचा घेर ८० सेंटीमीटर किंवा जास्त, रक्तदाब १३०/८५ किंवा जास्त, उपाशीपोटी साखर १०० किंवा जास्त, ट्रायग्लिसराइड्स १५० किंवा जास्त आणि एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, ५०च्या खाली. यातल्या कुठल्याही तीन जुळल्या, तर त्याला मेटाबोलिक सिंड्रोम म्हणतात. काकूंच्या तीन तर तिथंच जुळल्या.

आणि नुसतं उभ्या उभ्या पडून मनगट मोडणं, ही साधी गोष्ट नव्हे. ती हाडांनी दिलेली पहिली सूचना असते. पुढची पाळी मणक्याची नाहीतर खुब्याची. पूर्वी हाताला येणारा फळीवरचा डबा आता येत नाही, पाठीला बाक आलाय, तरुणपणापेक्षा उंची चार सेंटीमीटरने कमी भरतेय, तर मणका दबला असण्याची शक्यता असते.

मी डेक्सा तपासणी सुचवली. त्यासाठी जिल्ह्याच्या गावी जावं लागणार होतं. काकू लगेच म्हणाल्या, ‘माझ्यासाठी कशाला एवढा खर्च? नातवाची फी भरायचीय.’ तेव्हा सूनच म्हणाली, ‘आई, खुबा मोडला तर ऑपरेशनला किती लागतील? चला, मी येते बरोबर.’ अहवालात टी-स्कोअर उणे १.९ आला. उणे २.५ किंवा त्याखाली असेल तर ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. म्हणजे कागदावर काकू त्यात बसत नव्हत्या. पण मनगट मोडलेलं आणि साखर वाढलेली, म्हणून हाडांचं औषध सुरू केलं. नुसत्या आकड्यावर थांबलो असतो, तर त्या उपचारावाचून राहिल्या असत्या.

आता घरचं बघू. पाळी गेलेल्या बाईला रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम असतं, पेलाभर दुधात दोन-सव्वादोनशे. नाचणीची भाकरी, ताक, दही, पालेभाज्या रोज हव्यात. उपवासाला साबुदाण्याऐवजी राजगिरा घ्या. डाळ, उसळ, अंडी चालत असतील तर तीही. प्रथिनांशिवाय स्नायू टिकत नाहीत. ‘ड’ जीवनसत्त्वासाठी कोवळं ऊन फारसं कामाचं नाही. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड पडते, त्या वेळचं थोडं ऊन हातापायांवर घ्या. नुसतं चालून भागत नाही. भिंतीला टेकून उठाबशा, पाण्याची बाटली घेऊन हात वर-खाली, असा जोर आठवड्यातून दोन-तीनदा द्या. मणका दबलेला असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच. गुडघेदुखीच्या बिननावाच्या पुड्या घेऊ नका. काहींत स्टिरॉइड असतं. ते साखर वाढवतं आणि हाडंही पोखरतं. न्हाणीघरात खरखरीत फरशी, धरायला दांडी आणि रात्री दिवा हवाच.

घरातल्या सगळ्यांच्या तपासण्यांच्या तारखा आपल्या तोंडपाठ असतात, आपली मात्र नसते. आज शिवणाच्या डब्यातली टेप काढा आणि बेंबीच्या पातळीवर कंबर मोजा. ८०च्या पुढं गेली असेल, तर या आठवड्यात रक्तदाब आणि साखर तपासून घ्या. कुणी ‘कशाला’ म्हणालं, तर हा लेख वाचायला द्या.