झाकण उघडेना, रोजा कसा सोडावा?

जुन्या नाशकात मगरिबची अजान होते. दस्तरखानावर खजुराचे पाकीट आहे, पाण्याची बाटली आहे. पण संधिवाताने बोटे आखडलेल्या दादीला दोन्ही उघडत नाहीत. “बेटा, जरा खोलून दे,” असे त्यांना रोज म्हणावे लागते. असे सारखे मागावे लागते म्हणून पाणीच कमी पिणारी वडीलधारी माणसे आपण पाहतो.

झाकण फिरवायला घट्ट पकड लागते आणि मनगटाचा जोरही. अर्धांगवायूनंतर एकच हात चालत असेल, तर बाटली धरायची कशाने? रुंद, खाचांचे झाकण आणि बोटांत नीट धरता येईल अशी पट्टी असली तरी पुष्कळ सोपे होते. सहज उघडणाऱ्या वेष्टनांसाठी २०१५ पासून आयएसओ १७४८० हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम ४३ सांगते, की सर्वांना वापरता येतील अशा वस्तूंना सरकारने चालना द्यावी. द्राक्षे-बेदाणे देशोदेशी पाठवणाऱ्या नाशिकच्या उद्योजकांनी हे मनावर घ्यावे.

तोवर आपण एवढे करू: असरनंतर बाटलीचे झाकण सैल करून ठेवू, खजूर रुंद तोंडाच्या डब्यात काढू. वाटेतला अडथळा दूर करणे हाही सदका आहे, असे आपण मुलांना शिकवतो. दस्तरखानावरचा अडथळा त्यांनाच दूर करू द्या.