दोन माइक आणि लखनौचा खुला तबला

लखनौ घराण्याचा तबला खुल्या बाजाचा. कथ्थक आणि पखवाज यांच्या सहवासात तो वाढला, म्हणून त्यात चाटेपेक्षा (पुडीच्या कडेपेक्षा) लवेवरच्या, म्हणजे चाट आणि शाई यांमधल्या भागावरच्या, घुमणाऱ्या बोलांना मान अधिक, आणि बोटांच्या जोडीला अख्खा पंजा कामाला लागतो. असा नाद घरच्या खोलीत ध्वनिमुद्रित करायचा, तर हाताशी बहुधा दोनच इनपुटांचा ऑडिओ इंटरफेस असतो. तेवढ्यावर काम भागतं. मात्र माइक कुठे ठेवायचे, हे भौतिकशास्त्राला विचारावं लागतं.

साध्या गोल चामड्यावर थाप मारली की मूळ कंपनाच्या १.५९, २.१४, २.३० पट अशा आडनिड्या कंप्रता उमटतात आणि नुसता गोंगाट ऐकू येतो. तबल्यावरची शाई मधोमध वजन घालून ही कंपनं दुप्पट, तिप्पट, चौपट अशा सुरेल प्रमाणाजवळ आणते. सी. व्ही. रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासह १९२० मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात हे मांडलं. पण या कंपनांची केंद्रं पुडीवर वेगवेगळ्या जागी असतात. माइक पुडीला अगदी चिकटवला, तर जवळच्या भागातलं कंपन मोठं ऐकू येतं आणि बाकीची मागे पडतात. खुल्या बाजाला हेच सर्वाधिक मारक आहे.

माइक लांब नेला की दुसरी अडचण उभी राहते. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे ३४ सेंटिमीटरला एक मिलिसेकंद. तबल्याचा एकच ‘ना’ एका माइकपर्यंत आधी आणि दुसऱ्यापर्यंत एक मिलिसेकंद उशिरा पोचला, आणि दोन्ही सारख्या पातळीवर मिसळले, तर ५०० हर्ट्झचे घटक परस्परांना खोडून काढतात. १५०० आणि २५०० हर्ट्झचेही तसेच. आवाज पोकळ होतो तो यामुळे.

यावर दोन उपाय आहेत. पहिला म्हणजे तबल्याला एक आणि डग्ग्याला एक असा माइक लावायचा आणि ‘एकास तीन’ पाळायचं : माइक आपल्या वाद्यापासून जितका दूर, त्याच्या किमान तिप्पट अंतर दोन माइकांमध्ये. पण तबला-डग्गा शेजारी-शेजारी असल्यामुळे हा नियम माइकांना पुडीच्या फार जवळ ढकलतो. दुसरा उपाय लखनौच्या बाजाला अधिक मानवतो. एकाच प्रकारचे दोन माइक, तोंडं एकमेकांशी काटकोनात आणि टोकं जवळजवळ एकावर एक ठेवून, वाद्यांच्या समोर अर्धा ते पाऊण मीटरवर थोडे उंच लावायचे. टोकं एकाच जागी असल्याने वेळेचा फरक जवळपास उरत नाही. मुद्रण झाल्यावर दोन्ही बाजू एकत्र करून ऐकावं. आवाज भरीव राहिला तर मांडणी बरोबर आहे.

माइक जितका दूर, तितकी खोली जास्त ऐकू येते. तीन मीटर रुंदीच्या खोलीत सुमारे ५७ आणि ११४ हर्ट्झच्या स्थिर लहरी तयार होतात, त्यामुळे डग्ग्याची घुमक कुठे फुगते तर कुठे हरवते. रजया आणि सतरंज्या वरच्या पट्टीचा प्रतिध्वनी शोषतात, खर्जाला मात्र त्या फारशा अडवत नाहीत. म्हणून कोपरा टाळावा आणि वाजवणाऱ्याची जागा हातभर इकडेतिकडे सरकवून ऐकावं.

थाप क्षणार्धात उसळते, म्हणून २४ बिट निवडून सर्वांत जोरदार बोल उणे १० डेसिबलच्या आसपास राहील इतकाच गेन द्यावा. लेहरा, म्हणजे तालाचं आवर्तन दाखवणारी धून, आधीच मुद्रित करून हेडफोनवर ऐकला, तर त्यासाठी वेगळा इनपुट लागत नाही. कथ्थकाचे घुंगरूही नंतर स्वतंत्रपणे घेता येतात.

एवढी खटपट कशासाठी, याचं उत्तर लखनौच्याच इतिहासात आहे. विष्णू नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने १९२६ मध्ये लखनौत मॅरिस कॉलेज सुरू झालं. लखनौ घराण्याचे आबिद हुसेन खाँ तिथे तबला शिकवत. भातखंड्यांनी गवई उस्तादांच्या बंदिशी स्वरलिपीत उतरवून वाचवल्या. तबल्याचाही बोल लिपीत उतरतो, पण पंजाचा दाब आणि लवेवरची आस उतरत नाही. ती पकडणारं साधन आता घरोघरी आलं आहे. आपल्या गुरूंचे कायदे, गती आणि परणी त्यांच्या संमतीने आजच मुद्रित करा, आणि प्रत्येक फाइलवर रचनेचं नाव, ताल आणि तारीख लिहून ठेवा.