ट्रॉलीचा मागचा दिवा आणि घरचा जुगाड



आज फवारणीचा मेसेज नाही. ऊसतोड जोरात सुरू आहे, दिवस लवकर मावळतोय, पहाटे धुकं पडतंय. आपल्या ट्रॉल्या आणि पिकअप नेमक्या याच वेळेला रस्त्यावर असतात. म्हणून थोडं मागच्या दिव्यांबद्दल. दिवा नसला तर धोका आहे, हे पोराटोरांनाही कळतं. पण दिवा आहे आणि तो घरी बसवलेला किंवा बदललेला आहे, त्याचा धोका चटकन लक्षात येत नाही.

सगळ्यात वाईट प्रकार पांढऱ्या फोकसचा. रात्री नांगरट, रोटर करायला ट्रॅक्टरच्या मडगार्डवर मागे तोंड करून दिवा असतो. शेतात तो पाहिजेच. पण काही जण तो डांबरी रस्त्यावरही चालूच ठेवतात. काहींनी तर वायर लांबवून तसाच फोकस ट्रॉलीच्या फाळक्यावर आणून बसवलाय, का तर "लांबून दिसतो". दिसतो खरा, पण काय दिसतो ते बघा. मागून येणाऱ्याच्या डोक्यात हिशेब पक्का असतो: लाल दिवा म्हणजे पुढची गाडी माझ्याच दिशेने चाललीय, पांढरा दिवा म्हणजे समोरून कुणीतरी येतंय. तुमचा फोकस बघून त्याला वाटतं समोरून गाडी येतेय. शिवाय डोळे दिपल्यामुळे ट्रॉलीचा सांगाडा दिसतच नाही. मोटारसायकल ताशी ६० ने असेल तर ती सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. भरलेली ट्रॉली ताशी १८ ने चालली तर सेकंदाला ५ मीटर. म्हणजे दर सेकंदाला मधलं अंतर १२ मीटरने कमी होतंय. हे नक्की काय आहे असा विचार करण्यात तीन सेकंद गेले की ३५ मीटर संपले. मागच्या बाजूला पांढरा उजेड फक्त दोनच ठिकाणी चालतो, नंबर प्लेटवरचा बारीक दिवा आणि रिव्हर्स लाईट. *रस्त्यावर चाक लागलं की फोकस बंद.*

दुसरं, रंगीत एलईडी पट्ट्या. ट्रॅक्टर सजवायची आपल्याकडे हौस दांडगी, त्याला कुणाची ना नाही. पोळ्याला, मिरवणुकीला खुशाल लावा. पण निळ्या-हिरव्या लुकलुकणाऱ्या पट्ट्या मागच्या लाल दिव्याशेजारी लावल्या की ब्रेक दाबलेला कुणाला कळत नाही.

ब्रेक लाईट कशी कळते ते समजून घ्या. पिकअपच्या किंवा ट्रॉलीच्या मागच्या साध्या बल्बमध्ये बहुतेक वेळा दोन तारा असतात, एक ५ वॅटची आणि एक २१ वॅटची. रात्री ५ वॅटची जळत राहते, ब्रेक मारला की २१ वॅटची पेटते. उजेड एकदम वाढतो आणि मागचा पाय उचलतो. सगळी गंमत या फरकात आहे. आता घरचा जुगाड कुठे नडतो? या बल्बच्या बुडाचे दोन खिळे मुद्दाम वर-खाली केलेले असतात, म्हणजे तो उलटा बसू नये. पण एकाच तारेचा बल्ब हाताशी असला, की खिळा कानशीने घासून तो ठोकून बसवतात. मग दिवा कायम एकसारखाच जळतो, ब्रेक मारा नाहीतर मारू नका. दोन तारांचाच बल्ब खिळा घासून उलटा बसवला तर आणखी वाईट. रात्रभर २१ वॅट जळतो आणि ब्रेकला ५. मागच्याला वाटतं हा सारखाच ब्रेक मारतोय, आणि खरा ब्रेक दिसतच नाही.

बाजारातला पांढरा एलईडी बल्ब लाल काचेमागे टाकण्याचाही प्रकार आहे. पांढऱ्या एलईडीच्या उजेडात लाल भाग कमी असतो, त्यामुळे काचेतून फिकट, गुलाबीसर दिसतो. लाल काचेला लाल एलईडीच पाहिजे. एलईडीला आमचा विरोध नाही. उलट साधा बल्ब पूर्ण पेटायला सेकंदाचा साधारण पाचवा भाग घेतो, एलईडी लगेच पेटते. ताशी ६० ला मागच्याला तीनेक मीटर जास्त मिळतात. पण घ्यायचा तर मार्क असलेला पूर्ण दिवाच घ्या. जुन्या खोक्यात नवा बल्ब कोंबला तर आतल्या आरशाचा आणि त्याचा मेळ बसेलच असं नाही.

पोरांच्या मोटारसायकली आणि पिकअपवर टेल लाईटला काळी फिल्म किंवा काळा स्प्रे दिसतो. रुबाब असेल, पण दिवा झाकायला पैसे मोजायचे हे काही पटत नाही. फिल्म हेअर ड्रायरने गरम करून निघते. स्प्रे निघत नसेल तर काच बदला.

आता वायरिंग. साईड दाखवली की ट्रॉलीचे सगळेच दिवे मंद लुकलुकतात, किंवा ब्रेक मारला की टेल लाईट मरते, असं होत असेल तर बल्ब बदलत बसू नका. बहुतेक वेळा अर्थिंग गेलेलं असतं. हूक आणि पिनमधून अर्थ मिळेल या भरवशावर बरेच जण राहतात, पण तिथे गंज, ग्रीस आणि माती. ट्रॉलीच्या चॅसीपासून ट्रॅक्टरच्या प्लगपर्यंत अर्थची वेगळी वायर घ्या.

फ्यूजच्या जागी तांब्याची तार घालणाऱ्यांना मात्र कळकळीने सांगायचंय. १२ व्होल्टवर ब्रेकचे दोन बल्ब साडेतीन अँपिअर घेतात. ट्रॉलीचे दोन जोडले की सात. त्याच वायरीवर ५५ वॅटचा फोकस टाकला की साडेअकराच्या पुढे. वायर तेवढीच बारीक. फ्यूज उडतो तो याच कारणाने. तिथे तार घातली की वितळायला फ्यूज उरत नाही, मग वायरच तापते आणि शेजारी पाचट, कडबा, डिझेलचा पाईप असतो. जादा दिवा लावायचाच तर बॅटरीपासून वेगळी वायर, वेगळा फ्यूज आणि रिले, तेही ऑटो इलेक्ट्रिशियनकडून.

कायद्याचंही थोडक्यात: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत मनाने फेरफार करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ खाली अशा प्रत्येक फेरफाराला ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं.

स्वस्तातला आणि परवानगीचा उपाय म्हणजे रिफ्लेक्टर पट्टी. मागे लाल, बाजूला पिवळी, पुढे पांढरी. चिखल पुसून, कोरडं करून चिकटवा. ऊस भरल्यावर वाढे खाली लोंबून दिवा आणि पट्टी दोन्ही झाकतात, म्हणून निघण्याआधी वाढे दोरीने आवळा. आणि एकाला मागे १५-२० पावलं उभं करून टेल, ब्रेक, दोन्ही साईड बघून घ्या. पाच मिनिटं लागत नाहीत.

रात्री ट्रॉली बंद पडली तर जमेल तेवढी रस्त्याच्या खाली घ्या, साईडचे दोन्ही दिवे चालू ठेवा, त्रिकोणी रिफ्लेक्टर बरंच मागे ठेवा. दगड लावले असतील तर ट्रॉली हलवताना ते उचलून बाजूला टाका.